मोनेच्या पॉपींच्या शेताची अभ्यासप्रत: तिसरा आठवडा

या आठवड्यात माणसांना हात घातला आणि सगळं चित्र नव्याने वाचावं लागलं.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं हे चित्र १८७३ सालचं, पॅरिसजवळच्या आर्जांतय गावचं: लाल पॉपी फुलांनी भरलेलं शेत. मूळ कॅनव्हास साधारण ५० बाय ६५ सेंटीमीटर, म्हणून माझाही तेवढाच. आकाश आणि झाडांची रांग आधीच झाली आहे.

चित्रात बाई आणि मूल अशा दोन जोड्या आहेत. एक डावीकडे चढावर, दुसरी उजवीकडे अगदी पुढे. पुढची छत्रीवाली बहुधा मोनेची बायको कामी, सोबत मुलगा जाँ. इतके दिवस मी दोन वेगळी कुटुंबं समजत होते. पण कोळशाने दोन्ही जोड्या जोडणारी रेघ ओढली आणि दिसलं, अख्खं शेत या तिरक्या रेघेवर पेललेलं आहे. एका अंगाला तांबड्याचं राज्य, दुसऱ्या अंगाला निळसर हिरव्याचं. आता मला ती एकच मायलेकरं वाटतात: वर होती, फुलं तोडत तोडत खाली आली. म्हणूनच माणसं नसलेला मधला उतारही चालून आल्यासारखा वाटतो.

मग चूक केली. कामीच्या चेहऱ्याला बारीक ब्रशने डोळे, ओठ काढले. तासाभराने लांबून पाहिलं तर नजर चेहऱ्यावरच अडकत होती आणि शेत मेलं होतं. टर्पेंटाइनच्या फडक्याने चेहरा पुसला, फिकट गुलाबी एकच ठिपका ठेवला. वारा पुन्हा सुरू झाला! १८७४च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट (बारकाव्यांपेक्षा क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात हे चित्र होतं, आणि त्या मंडळींची चित्रं अपुरी म्हणून हिणवली गेली. ते अपुरेपण किती मोजूनमापून ठेवलेलं आहे, हे पुसताना कळलं.

पायही काढायचे नाहीत. आकृत्या गवतात बुडालेल्याच हव्यात. मुलगा तर जवळजवळ छातीपर्यंत. गवताचे फटकारे त्यांच्या कपड्यांवरून ओढले तेव्हा दोघं जमिनीवर आली.

फुलांचा प्रयोग जरूर करून पाहा. मूळ चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल केला, तर बरीचशी पॉपी गवतात विरघळून गेली. लाल आणि हिरवा यांची उजळी जवळपास सारखी आहे, फरक फक्त रंगाचा. चित्रातली फुलं लुकलुकल्यासारखी दिसतात, त्याचं कारण हेच असावं. माझा लाल फारच उजळ झाला होता, त्यात थोडा अलिझरिन (गडद किरमिजी रंग) मिसळला. पुढची फुलं मात्र अजून नीट, पाकळ्यापाकळ्यांची होताहेत. मोनेचे तिथे नुसते मोठे डाग आहेत, काही मुलाच्या डोक्याएवढे. उद्या चपटा, रुंद ब्रश घेऊन तेवढा कोपरा खरवडून पुन्हा करणार.