सुट्ट्या पत्तीचे पाच डबे

लातूरला आमच्या घरी चहापत्ती बंद पाकिटातून कधी आलीच नाही. गंज गोलाईतल्या एका दुकानातून बाबा सुट्टी पत्ती आणायचे. पाव पाव किलोच्या दोन पुड्या, एकीत दाणा, एकीत भुकटी. आई दोन्ही एका डब्यात ओतायची आणि झाकण दाबून डबा हलवायची. दाण्यानं चव, भुकटीनं रंग, हे तिचं गणित. पाकिटाची ऐपत आली तेव्हाही तिनं पुडी सोडली नाही. फक्त पाहुणे आले की पुडी ओट्यावरून आत जायची. त्यामुळे जर्मनीत एक सहकारी पहिल्यांदा मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "आम्ही टी-बॅग वापरत नाही, सुट्टा चहा पितो," तेव्हा मला हसू आवरेना. आमच्याकडे जे पाहुण्यांपासून लपवायचं, ते इथं मिरवायचं होतं.

मी राहते ते लेअर गाव जर्मनीच्या वायव्य टोकाला, नेदरलँड्सच्या हद्दीजवळ आहे. या भागाला ऑस्टफ्रीसलँड म्हणतात. गाई, सपाट हिरवी कुरणं, पवनचक्क्या आणि बारा महिने वारा. मी आले तीही पवनचक्क्यांच्याच कामाला. बाकीचा जर्मनी कॉफीवर चालतो, हा कोपरा चहावर. माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर! प्रशियाच्या दुसऱ्या फ्रीडरिश राजानं १८व्या शतकात इथला चहा बंद करायचा घाट घातला होता. लोकांनी राजाचं ऐकलं नाही. आणि यांच्या मिश्रणात मुख्य पत्ती कुठली, तर आसामची. म्हणजे सात हजार किलोमीटर लांब येऊन मी पुन्हा आपलाच चहा प्यायला बसले होते.

पहिल्याच महिन्यात शेजारच्या आजींनी चहाला बोलावलं. नाजूक कप, त्यात आधी खडीसाखरेचा एक मोठा खडा. तिला ते 'क्लुंट्ये' म्हणतात. वरून कडक चहा ओतला की खडा तडकतो, आणि आजींनी ओठावर बोट ठेवून मला तो आवाज ऐकायला लावला. मग चिमुकल्या पळीनं कपाच्या कडेकडेनं साय सोडली. ती तळाशी गेली आणि ढगासारखी फुलून वर आली. मी सवयीनं चमच्याला हात घातला, तर "नाइन!" ढवळायचं नाही. आधी साय, मग कडू चहा, तळाशी गोड, असं खाली खाली जायचं. कप संपला, त्यांनी भरला. पुन्हा संपला, पुन्हा भरला. तीन कप हा तिथला रिवाज आहे हे मला माहीत होतं, पण चौथा, पाचवा? शेवटी आपल्याकडे ताटावर धरतो तसा मी कपावर हात आडवा धरला. आजींना वाटलं, मी बोटं शेकते आहे. त्यांनी किटलीच जवळ सरकवली. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा असतो, हे मला सहाव्या कपानंतर कळलं.

तर असा हा चहाचा गाव. फ्लेवरचा चहा मात्र त्या आजींच्या लेखी चहाच नाही. "ते अत्तर आहे," म्हणतात आणि विषय संपवतात. मी त्यांच्या नकळत तो नाद लावून घेतला.

इथल्या चहाच्या दुकानात भिंतभर डबे असतात. तुम्ही बोट दाखवलं की दुकानदारीण डबा काढते, झाकण उघडते आणि त्या झाकणानंच वारा घालून वास तुमच्या नाकाकडे लोटते. डब्यात नाक खुपसायचं नाही. आवडला तर शंभर ग्रॅम तोलून कागदी पिशवीत. ती पिशवी हातात आली की मला गोलाईतली पुडी आठवतेच. फरक एवढाच की पुडीत चहाचाच वास असायचा, इथं चेरी, व्हॅनिला, दालचिनी, संत्र्याची साल, जे म्हणाल ते.

सुरुवातीला मी सपाटून फसले. ज्या डब्याचा वास दुकानभर पसरेल तो मी घ्यायची. घरी करून प्यायले की नाकाला कॅरमेल आणि जिभेला गरम पाणी. चहाच्या पानाला आजूबाजूचा वास ओढून घ्यायची खोड असते (म्हणून तर आई पत्तीचा डबा हिंगाच्या शेजारी ठेवू देत नाही), आणि बहुतेक फ्लेवरचे चहा या खोडीवरच चालतात. मोठ्या फिरत्या पिंपात पत्ती घालून वर अर्क फवारतात. खालची पत्ती बरी असेल तर मजा येते, नसेल तर अर्काखाली सगळं झाकून जातं. आता माझा नियम साधा आहे: वासानंतर पत्ती तळहातावर घ्यायची. पान अखंड, वळलेलं दिसलं तर पुढे बोलायचं.

आपला दाण्याचा चहा वेगळ्या जातीचा आहे हेही तेव्हा नीट कळलं. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याच्या बारीक गोळ्या करतात, ती सीटीसी. ही रीत १९३०च्या सुमारास आसामातच निघाली. ती दूध, साखर, आलं, उकळी, सगळं सोसते. अखंड पानाला एवढा मार सोसत नाही. दोन-अडीच ग्रॅम पत्ती, कपभर पाणी, तीन-चार मिनिटं मुरू द्यायची आणि गाळून घ्यायची. हिरव्या पत्तीला तर उकळतं पाणी चालतच नाही, ७०–८० अंश बास. जास्त तापलं की कडू जहर.

मागच्या डिसेंबरात नाताळची सुट्टी आणि वेळ अमावस्या जवळ आली. मी पाच डबे बॅगेत घातले आणि लातूर गाठलं.

ज्यांना वेळ अमावस्या माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची खोप, पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडकं भरून आंबील. मी मात्र तीन दगड मांडून चहाचं दुकान उघडलं. थर्मामीटर नव्हता. आज्जीला सांगितलं, पाणी उकळू द्यायचं नाही, पण गरम पाहिजे. ती म्हणाली, "बुडाला बारीक बुडबुडे धरले की उतरव." अंदाज पक्का निघाला.

पहिला डबा अर्ल ग्रेचा. काळ्या पत्तीला बर्गामोट नावाच्या लिंबाच्या सालीचं तेल चोळलेलं. हे लिंबू मुख्यतः इटलीच्या कलाब्रिया भागात पिकतं. चहाला नाव मिळालं ते चार्ल्स ग्रेचं, १८३० ते १८३४ या काळातला ब्रिटनचा पंतप्रधान. आज्जीनं वास घेतला आणि कप लांब धरला. "ह्याला तर डोक्याच्या तेलाचा वास यायलाय." लेअरची आजी म्हणते अत्तर, लातूरची म्हणते तेल. या दोघींची गाठ घालून द्यायला हवी. आईनं तेवढ्यात उरलेला चहा पातेल्यात ओतून दूध-साखर घातली आणि खदखदा उकळला. तेलाचा वास उडून गेला, उरला तो फिका चहा. "आता पिण्यासारखा झाला," आई म्हणाली. मी वाद घातला नाही.

मोगऱ्याच्या चहाला मात्र सगळे गप्प झाले. जास्मिन टी म्हणून जो विकतात त्यात बहुधा आपला मोगराच असतो, अगदी तीच जात. चीनच्या फुज्यान प्रांतातलं फुजौ यासाठी नावाजलेलं. मिटलेल्या कळ्या दिवसा तोडतात, रात्री त्या उमलायला लागल्या की हिरव्या पत्तीत मिसळतात. रात्रभर पत्ती वास पिते. सकाळी फुलं चाळून काढून टाकतात, पत्ती सुकवतात आणि पुन्हा नव्या कळ्या. भारी चहाला हे अनेक रात्री चालतं. म्हणजे ज्या चहात वाळलेली फुलं सजवून घातलेली दिसतात तो उत्तम, असं मुळीच नाही. फुलाचं काम आधीच झालेलं असतं. हे सांगत होते तर आज्जी म्हणाली, उन्हाळ्यात माठात मोगरा टाकतो तेच की. तेच! मी चार वर्षं ज्याची गंमत शोधत होते ते तिनं एका वाक्यात मोकळं केलं.

बाबांनी चहा बशीत ओतला आणि सवयीनं मोठा भुरका मारला. बहीण हसली. मी म्हटलं, हसू नको, चहाची पारख करणारे असाच भुरका मारतात. चमचाभर चहा हवेसकट जोरात ओढायचा, तो तोंडभर उडतो आणि वास घशामागून नाकात चढतो. निम्मी चव तिथंच कळते. बाबांनी त्यानंतर दिवसभर मुद्दाम मोठ्यानं भुरके मारले. अगदी आंबिलीचेही.

तिसरा डबा लॅप्सांग सूशाँग. चीनमधल्या वुयी डोंगरातला, पाईनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. लेअरला मी हा खिडकी उघडी ठेवून करते, कारण शेजाऱ्यांना वाटतं काहीतरी जळतंय. इथं काकांनी कपावर तोंड नेलं आणि म्हणाले, "आगटी!" हुरडा भाजताना गोवऱ्यांच्या निखाऱ्यांपाशी बसलं की सदऱ्याला रात्रभर जो वास राहतो, तो. त्यांनी तो चहा बिनसाखरेचा, हुरड्याबरोबर, तिळाच्या चटणीसकट घेतला. खरं सांगते, अशी जोडी मला तिकडे कुठल्याही दुकानात कुणी सुचवली नव्हती.

चेरीच्या हिरव्या चहाबद्दल चवीचं सांगण्यासारखं काही नाही. बरा होता. पण त्याच्या डब्यावरच्या यादीत एक शब्द होता, 'साफ्लोर'. पत्तीत मधूनमधून केशरी धागे दिसायचे, मला आधी केशर वाटलं होतं. शब्दकोशात बघितलं तर साफ्लोर म्हणजे करडई! चवीला काही नाही, नुसता रंग दिसावा म्हणून घालतात. बाबांना धागे दाखवले. समोरच्या पट्ट्यात करडई उभी होती, अजून फुलावर आली नव्हती. करडई काढताना काट्यांनी हात सोलवटून घेतलेला माणूस तो, त्यांनी धागा चिमटीत धरला आणि विचारलं, "हे काय भावानं विकतेत तिकडं?" शंभर ग्रॅम चहा साडेसहा युरो, असं सांगितलं. ते मनातल्या मनात रुपये करत राहिले.

आणि मग शेवटचा डबा, फळांचा चहा. नावाला चहा, आत पत्तीचं पानही नाही. सफरचंदाचे तुकडे, गुलाबाची फळं आणि लालभडक जाड पाकळ्या. जर्मनीत लहान पोरांना हेच देतात. यादीत 'हिबिस्कस' लिहिलेलं असतं, त्यामुळे मी चार वर्षं तिकडे सगळ्यांना सांगत होते की आमच्याकडे हे फूल गणपतीला वाहतात. आज्जीनं एक पाकळी उचलली, दाताखाली धरली, डोळा बारीक केला.

"हे तर अंबाडीचे बोंडं हायत की."

मी म्हटलं, जास्वंद आहे. ती उठली, बांधापर्यंत गेली आणि दोन वाळकी लाल बोंडं तोडून माझ्या हातावर ठेवली. फोनवर बघितलं तर बाई बरोबर. चहातलं हिबिस्कस म्हणजे देवाची जास्वंद नव्हे, लाल अंबाडी. इजिप्त-सुदानात हेच 'कर्कदे' म्हणून पितात. आज्जीनं ती बोंडं आधणात टाकली. माझ्या डब्यातल्यापेक्षा रंग थोडा फिका, आंबटपणा जास्त स्वच्छ, खोटी स्ट्रॉबेरी कुठंच नाही. मी दोन पेले घेतले. काकांनी न विचारता त्यांच्या पेल्यात दूध ओतलं. क्षणात फाटलं, वर जांभळट चोथा. त्यांनी गुपचूप ज्वारीच्या ताटाला घातला.

पाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. शेतातल्या विहिरीचं पाणी जड, काळ्या चहावर चकाकता तवंग धरतो. लेअरचं पाणी हलकं, चहा आरशासारखा. आई म्हणाली, असा स्वच्छ चहा लातूरला एकदाच झाला होता, २०१६ला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. वाट्याला आलेल्या घागरीतून आईनं आधी एक कप चहा केला होता. "रंग लई छान आला होता," एवढंच म्हणाली आणि भांडी आवरायला लागली. त्याच वर्षी डिसेंबरात ऑस्टफ्रीसलँडच्या चहाची रीत जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. हे मी तिला सांगितलं नाही.

उतरत्या उन्हात शेजारच्या शेतातल्या काकूंनी आंबिलीला बोलावलं. वेळ अमावस्येला नाही म्हणता येत नाही. पोटात आधीच पाच देशांचं पाणी. एक पेला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मला काय सुचलं कोण जाणे, मी भज्जीच्या वाडग्यातला चमचा उचलून रिकाम्या पेल्यात उभा केला आणि काकूंकडे बघून हसले.

"चमचा कशाला पाहिजे गं आंबिलीला?" त्यांनी तो काढला, पदराला पुसून बाजूला ठेवला आणि मडकं पेल्यावर वाकवलं.