बोका कुंथतोय? थांबू नका

आज अख्खी दुपार जनावरांच्या दवाखान्यात गेली. आमचा बोका सकाळपासून सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, विव्हळत होता आणि वाळू मात्र कोरडीच. आई म्हणाली, "पोट साफ होत नसेल गं." मी सरळ रिक्षा केली.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय टम्म आणि दगडासारखं घट्ट! मूत्रमार्ग तुंबला होता. बोक्यांचा हा मार्ग इतका अरुंद असतो की बारीक खडे किंवा चिकट स्रावही पुरतो. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. भूल देऊन नळी घातली, सलाइन लावलं.

मांजरं पाळणाऱ्यांनो, कळकळीनं सांगते: बोका कुंथतोय, खालचं अंग सारखं चाटतोय, लघवीचा थेंब नाही, तर सकाळची वाट पाहू नका. आणि घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरांना ती विष आहे.

नळी अजून काढलेली नाही. घरी आला की ओलं खाणं आणि जागोजागी पाण्याची भांडी. हे पुन्हा उद्भवू शकतं म्हणे, त्यामुळे ट्रेवर रोज लक्ष ठेवायचं.