गेटजवळचं चॅनल: जाळीआधी गटाराची खोली

खानापूर भागात तरणा पाऊस लागला की अंगणातलं पाणी उंबऱ्याकडे वळतं. म्हणून मे महिन्यात गेटच्या आत ४ मीटरचं आडवं चॅनल, म्हणजे पाणी गोळा करणारी, वर जाळी असलेली पन्हळ, बसवून घेतलं. दुकानात आधी जाळ्याच दाखवतात. मी आधी पाणी किती आणि ते जाणार कुठं, हे बघितलं.

१ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. अंगण आणि छपराची एक पाख मिळून ९० चौरस मीटर. तासाला १०० मिमीची सर धरली तर सेकंदाला अडीच लिटर. त्याला १०० मिमी रुंद चॅनल आणि ११० मिमी पीव्हीसी पाईप आरामात पुरतो.

खरी अडचण लेव्हल नळी (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरल्यावर कळली. गेटसमोरच्या गटाराचा तळ अंगणापासून जेमतेम २२० मिमी खाली, आणि माझ्या पाईपचा तळ येत होता २५० मिमी खाली. तसंच जोडलं असतं तर गटाराचंच पाणी आत आलं असतं. मग कुंपणाच्या कडेनं ९ मीटर पाईप पुढं नेला, १०० ला १ उतारानं. टोकाला पाईपचा तळ ३४० मिमी खाली, तिथं गटार ४५० मिमी खोल.

चॅनलचे तुकडे पाईपच्या टोकाकडून लावत यायचं, दोरी ताणून. ४ मीटरला २० मिमी उतार. खाली आणि दोन्ही बाजूंना १०० मिमी काँक्रीट, सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३. गवंडीमामांनी जाळ्या खराब होतील म्हणून काढून ठेवल्या आणि तिथंच फसलं: काँक्रीट ठासताना तिसऱ्या तुकड्याच्या भिंती आत दबल्या, जाळी बसेना. ओलं होतं म्हणून निभावलं. नंतर जाळ्या प्लॅस्टिक गुंडाळून जागेवरच ठेवल्या.

गाडी जाणार म्हणून जाळी बी १२५ या भार-वर्गाची घेतली. ए १५ फक्त पायी चालायला. फरशी जाळीपेक्षा ३ ते ५ मिमी वर हवी, नाहीतर पाणी जाळीच्या कडेला थबकतं आणि चाकाचा मार थेट जाळीच्या काठावर बसतो.

शेवटच्या चेंबरमध्ये गाळाची टोपली ठेवलीय. आपल्याकडची तांबडी माती बारीक. पावसाळ्यात दर आठवड्याला टोपली उपसावी लागते. पहिला उपसा मी चुकवला, तेव्हा ११० चा पाईप निम्मा भरला होता.