ढक्कन लावलं तरी दिसणारा तारा

शनिवार, फेब्रुवारी. रात्रीचे पावणेदोन. पार्ले.

आत्ताच गच्चीवरून खाली आलोय. डासांनी घोटे फोडून काढलेत. तरी झोपायच्या आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्यापासून हेच करत बसेन.

या ऑटोगाईडरच्या (फोटो काढताना दुर्बीण ताऱ्यावर रोखून ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) कॅलिब्रेशनपायी तीन शनिवार गेले. काम तसं एवढंसं. दुर्बिणीच्या पाठीवरच्या छोट्या गाईडस्कोपमधून एक तारा धरायचा, माउंटला, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरच्या बैठकीला, आधी पश्चिमेला, मग पूर्वेला, मग उत्तर-दक्षिण ढकलायचं, आणि तारा कॅमेऱ्यात कुठे किती सरकतो ते सॉफ्टवेअरने मोजून ठेवायचं. एकदा हे जमलं की मग ते रात्रभर ताऱ्याला जागेवर धरून ठेवतं. मी वापरतो ते पीएचडी-टू फुकट मिळतं. त्यातलं पीएचडी म्हणजे डॉक्टरेट नव्हे, 'पुश हिअर डमी'. बटण दाबणारा मठ्ठ असला तरी भागावं, असा त्यामागचा विचार. माझ्या बाबतीत काही भागेना.

पहिल्या शनिवारी एकच रड: तारा पुरेसा हलला नाही. पुरेसा कसला, तसूभरही हलत नव्हता. मी आधी केबल बदलली. मग दुसरी बदलली. मग माउंटची मोटरच गेली असं ठरवून ज्याच्याकडून घेतलं त्याला रात्री साडेदहाला मेसेज केला, जरा तिखटच. अकरा वाजता सगळं आवरायला घेतलं आणि गाईडस्कोपला ढक्कन लावलं. सहज लॅपटॉपकडे बघितलं, तर तारा जागच्या जागी! हिरव्या चौकटीत, तेवढाच ठळक. मी ढक्कन काढलं, परत लावलं. तारा आपला शांत.

तो हॉट पिक्सेल होता. माझ्या गाईड कॅमेऱ्याला कूलिंग नाही, आणि मुंबईची हवा फेब्रुवारीतही तशी कोमटच. सेन्सर तापला की एखादा पिक्सेल आपोआप उजळून बसतो, आणि 'आपोआप निवड' केली की सॉफ्टवेअर कधीकधी त्यालाच पकडतं. झूम करून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. खरा तारा चार-पाच पिक्सेलांवर पसरतो, सतत थोडा थरथरतो. हा म्हणजे कोरून काढलेला एकच चौकोन. ढक्कन लावून डार्क फ्रेम्स घेतल्या, त्या वजा करायला सांगितल्या आणि तारा गायब. दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला माफीचा मेसेज टाकला. त्याने नुसता अंगठा पाठवला.

दुसऱ्या शनिवारी तारा खरा, तक्रार तीच. हा मात्र शुद्ध गाढवपणा. गाईडस्कोपची फोकल लेंथ १२० मिमी, आणि मी प्रोफाइलमध्ये मुख्य दुर्बिणीची ४८० टाकलेली. पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. २०६ गुणिले ३.७५ भागिले १२०, म्हणजे एका पिक्सेलला साधारण ६.४ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला). सॉफ्टवेअर समजत होतं १.६. त्यामुळे ते चौपट छोटे धक्के देत होतं, आणि एका धक्क्याला तारा जेमतेम अर्धा पिक्सेल सरकणार.

त्यात मी दुर्बीण रोखली होती सप्तर्षीतल्या एम ८२ या दीर्घिकेवर. तिची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, ६९ अंशांच्या पुढे. ध्रुवाच्या जितकं जवळ जावं तितकं आरएच्या (पूर्व-पश्चिम) धक्क्याने ताऱ्याचं सरकणं कमी होतं. तिथे ते विषुववृत्तावरच्या जवळपास एक तृतीयांशच उरतं. म्हणजे अर्ध्याचा पुन्हा तिसरा हिस्सा. हलणार कुठून!

मग मृगावर आलो. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणातला वायव्येकडचा तारा, मिंटाका, खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, आणि या दिवसांत रात्री आठच्या सुमारास मृग याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतो. कॅलिब्रेशनला याहून सोयीची जागा नाही. एसटी-फोर ही गाईडिंगची केबलही काढली. ती फक्त ढकलते, दुर्बीण कुठे रोखली आहे ते सांगत नाही. माउंट यूएसबीने जोडलं की बाणाशी केलेलं कॅलिब्रेशन एम ८२ च्या क्रांतीला जुळवून घेतलं जातं.

तरीही आरए आणि डेक (उत्तर-दक्षिण) यांच्यात ९० ऐवजी ७१ अंशांचा कोन आला. ध्रुव तारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, म्हणजे आमच्या गच्चीवर नेमका पाण्याच्या टाकीमागे. विमानतळामुळे आजूबाजूच्या इमारती बुटक्या, आभाळ मोकळं, पण टाकी आमचीच! म्हणून मी उत्तर मोबाइलच्या होकायंत्राने लावलेली, तीही लोखंडी काउंटरवेटच्या शेजारी उभं राहून. सगळं सोडून ड्रिफ्टने पोलर अलाइनमेंट केलं, म्हणजे ताऱ्याचं घसरणं बघत माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावला. याम्योत्तराजवळचा तारा दक्षिणेला घसरला तर माउंटचा अक्ष पूर्वेकडे वळलाय, उत्तरेला घसरला तर पश्चिमेकडे. त्यातच दीड तास गेला.

आज फक्त डेक उरला होता. उत्तरेला तारा छान गेला, पण परत दक्षिणेला यायला तयार नाही. सॉफ्टवेअरने इशारा दिला की दक्षिणेची हालचाल जवळजवळ नाहीच. मी पुन्हा केबलकडे हात नेला.

बाबा थर्मास घेऊन वर आले होते. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आयुष्यभर टर्नर. थोडा वेळ गप्प बघत राहिले.

"उलट फिरवलंस ना आत्ता?"

"हो, दक्षिणेला."

"मग आधी हवेतच फिरणार. प्ले आहे."

दुर्बीण दोन बोटांनी धरून त्यांनी हलकेच मागेपुढे केली. "ऐक." बारीक टक-टक आली. वर्म (आट्यांचा दांडा) आणि त्याने फिरणारं चाक, वर्मव्हील, यांच्या दात्यांमधली मोकळीक.

"लेथच्या हँडललाही असतो. कट घेताना माप नेहमी एकाच बाजूने गाठायचं. पुढे गेलो तर भरपूर मागे यायचं आणि परत त्याच बाजूने पुढे."

ॲलन की त्यांच्याच हातात दिली. स्क्रू इतकासा फिरवला की फिरला की नाही असं वाटावं. "पूर्ण घालवायचा नाही. जाम होईल, मोटर रडेल." मग मी डेकला कॅमेऱ्याची बाजू मुद्दाम किंचित जड ठेवली, म्हणजे दाते एकाच अंगाला टेकून राहतील. कॅलिब्रेशनच्या आधी हँड कंट्रोलरने थोडं उत्तरेला सरकवलं आणि डेकच्या दुरुस्त्या एकाच दिशेला ठेवल्या. बाबांची लेथची पद्धत, तशीच्या तशी.

या वेळी तारा गेला आणि आलाही. कोन ८८.

एम ८२ वर गेलो. गाईडिंगची चूक दीड-दोन विकलांत. पार्ल्याच्या आभाळाला एवढं पुष्कळ. मध्येच आलेखात एक मोठा काटा उठला. मग दुसरा. वारा नव्हता. बघतो तर बाबा थर्मास ठेवायला टाकीकडे निघाले होते. स्लॅबवर पाऊल पडलं की तारा उडत होता.

"बाबा, तिथेच थांबा. दोन मिनिटं."

एक्सपोजर संपेपर्यंत ते गच्चीच्या मधोमध, थर्मास पोटाशी धरून, एका जागी उभे राहिले. वरून एक विमान उतरायला गेलं, त्याच्याकडेही मान वर केली नाही. संपल्यावर विचारलं, "आता हलू?" मी म्हटलं, "अजून एकोणीस आहेत."