शेअर घसरला, तरी मीच तळाला

शेअर निवडण्याचा एक ऑनलाइन खेळ मी बरीच वर्षं खेळतोय. खरे पैसे नाहीत. शेअर निवडायचा, 'वर जाईल' की 'खाली जाईल' ते सांगायचं आणि अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकापेक्षा तो किती टक्के पुढे किंवा मागे राहिला त्यावर गुण मिळतात.

एका डबघाईला आलेल्या कंपनीवर मी ०.८० डॉलर भावाला 'खाली जाईल' लावलं होतं. अंदाज बरोबर निघाला, भाव ०.३५ पर्यंत आला. आणि एका सकाळी पाहतो तर त्या निवडीसमोर उणे ६८७ टक्के! यादीत मी जवळजवळ शेवटचा. पहिली शंका स्वतःवरच आली, चुकून 'खाली'ऐवजी 'वर' दाबलं की काय. मग भाव बघितला: ६.३० डॉलर.

रात्रीतून अठरा पट? अशा कंपनीचा? मग ट्यूब पेटली. नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात शेअरचा भाव सलग ३० कामकाजाचे दिवस एक डॉलरच्या खाली राहिला की नोटीस येते आणि सुधारायला साधारण १८० दिवस मिळतात. धंदा सुधारत नसेल तर भाव 'वाढवायचा' सोपा मार्ग म्हणजे रिव्हर्स स्प्लिट. समजा, वीस जुने शेअर घ्यायचे, एक नवा द्यायचा. गुंतवणूकदाराच्या हातातली एकूण किंमत तीच राहते, फक्त आकडे बदलतात. सिटीग्रुप या अमेरिकी बँकेने मे २०११ मध्ये दहास एक केलं, तेव्हा साडेचार डॉलरच्या आसपासचा शेअर चव्वेचाळीसच्या आसपास दिसू लागला आणि सुमारे २,९०० कोटी शेअरचे २९० कोटी झाले. तेव्हा कोणी श्रीमंत झालं नाही.

माझ्या कंपनीने वीसास एक केलं होतं, म्हणजे ०.३५ चे ७ डॉलर व्हायला हवे होते आणि भाव होता ६.३०. शेअर पुन्हा १० टक्के पडला होता! पण खेळाने माझा सुरुवातीचा भाव ०.८० च ठेवला होता. तो वीसने गुणून १६ डॉलर करायला हवा होता. मग घसरण ६० टक्क्यांच्या वर, आणि गुण माझे.

अमेरिकी बाजार नियामकाकडे, म्हणजे एसईसीकडे, कंपनीने भरलेला ८-के फॉर्म, म्हणजे महत्त्वाच्या घडामोडी कळवण्याचा फॉर्म, शोधला. प्रमाण आणि लागू होण्याची तारीख त्यात स्पष्ट होती. सगळं जोडून खेळाच्या चालकांना मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'दुरुस्ती केली आहे.' आनंदाने पान उघडलं, तर उणे १४,९०० टक्के.

त्यांनी गुणण्याऐवजी भागलं होतं. नेहमीचा स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे अनेक, समजून ०.८० ला वीसने भागलं, सुरुवातीचा भाव ०.०४ झाला, आणि त्या दिवशी शेअर ६ डॉलरवर होता. उलट, याच शेअरवर 'वर जाईल' लावून बुडालेला एक खेळाडू यादीत पहिला! त्याने तक्रार केली नाही, यात नवल नाही.

या वेळी मी मेलमध्ये लांबलचक लिहिलं नाही. दोनच ओळी: आधी ०.८० गुणिले २० म्हणजे १६, आता ६, घसरण ६२.५ टक्के. दोन दिवसांनी गुण बरोबर झाले. पण एक घोळ राहिलाच. भाव १.५० च्या वर गेला तर निवड आपोआप बंद व्हावी, अशी मर्यादा मी लावून ठेवली होती. सुदैवाने ती फक्त दिवसअखेरच्या हिशेबात तपासली जायची आणि तोपर्यंत मी ती हाताने काढली. खऱ्या बाजारात, अमेरिकेत तरी, रिव्हर्स स्प्लिटच्या वेळी उभ्या, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या, ऑर्डरी रद्द करण्याचा नियम आहे. खेळात तसं काही नव्हतं.

वर्षभराने त्याच कंपनीचा शेअर पुन्हा एक डॉलरच्या खाली. नवा रिव्हर्स स्प्लिट जाहीर झाला, त्याच संध्याकाळी मी चालकांना मेल केला. उत्तरात एकच ओळ होती: 'या वेळी गुणायचं, लक्षात आहे.'