आईच्या वहीतली वारी

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत दिंडीचा ट्रक भरताना तंबू, भिशीची, म्हणजे दिंडीच्या सामुदायिक जेवणाची, पातेली, पिठाची पोती आधी चढतात. आईची पत्र्याची पेटी सगळ्यांत शेवटी, फाळक्यापाशी, हात घातला की मिळेल अशी. ती गेल्यानंतरच्या या वारीतही पेटी तिथेच ठेवली, आणि पेटीत तिची वही.

आई गावच्या अंगणवाडीत सेविका होती. मुलांची वजनं करणं, गरोदर बायकांच्या घरी जाऊन विचारपूस करणं, हेच तिचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर तिनं तेच दिंडीत केलं. दिंडीत तिला सगळे आक्का म्हणत. वहीत माणशी एक पान : नाव, वय, घरचा फोन, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या, कधी घ्यायच्या, मागच्या वारीत काय दुखलं. ही पानं ती प्रस्थानाआधी घरोघर जाऊन भरायची. आळंदीत विचारलं तर प्रत्येक जण "मला काही नाही" म्हणतो. घरी सून किंवा नातू खरं सांगतो. आम्हीही यंदा तसंच फिरलो. फिरताना चपलाही बघायच्या. वारीसाठी घेतलेली कोरी चप्पल पहिल्याच टप्प्यात पाय फोडते, म्हणून ती निदान महिनाभर आधी पायात हवी.

पुण्याच्या मुक्कामानंतर सासवडचा टप्पा. साऱ्या वाटेत हा सर्वांत लांब, तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी एकादशी. वहीत आईनं या दिवसाला दोन रेघा मारल्या आहेत, कारण मधुमेहाची गोळी घेऊन उपवास करणारा माणूस रक्तातली साखर उतरून घाटात कोसळतो. त्याला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं चिडचिडं किंवा असंबद्ध होतं. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून लगेच पाजायची, पंधरा मिनिटं बसवायचं, उतार पडला नाही तर पुन्हा तेवढीच साखर, आणि सावरल्यावर केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच विचारून पानावर लिहून ठेवायचं. उपवास सोड असं आई कुणालाही म्हणाली नाही. पण साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन घाट चढू नका, थोडं थोडं दोन-तीनदा खा, एवढं ती बजावून सांगायची.

क्षारसंजीवनीच्या (ओआरएसच्या) पुडीबाबत एक चूक दरवर्षी दिसते. लिटरभर पाण्याची पुडी लोक एका पेल्यात ओततात. ते पाणी इतकं खारट-गोड होतं की मळमळतं, आणि जुलाब असतील तर वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. आईनं पेटीत लिटरची खूण केलेली बाटली आणि दोऱ्यानं बांधलेला चमचा ठेवला होता. अंदाजानं मीठ टाकू द्यायची नाही.

पण वहीचा खरा जीव बायकांच्या पानांत आहे. वारीत बायका पाणी कमी पितात. तहान नसते म्हणून नाही, आडोसा नसतो म्हणून. सकाळपासून दुपारच्या विसाव्यापर्यंत कित्येकजणी एक पेलाही घेत नाहीत. मग लघवीला जळजळ, कंबर भरून येणं, ताप, आणि "चालून अंग दुखतंय" असं सांगत दुखणं लपवणं. आईनं यावर औषधाआधी जागा शोधली. तळावर ट्रक पोचताच चार बांबू आणि दोन जाड पडदे लावून आडोसा, आत मातीचा ढीग आणि खुरपं, बाहेर पाण्याची बादली आणि साबण. वाटेवर आता फिरती शौचालयं उभी असतात, त्यामुळे पुष्कळ सोय झाली आहे. तरी गर्दीत रांग लांब लागते. म्हणून जागा आधी हेरायची, पहाटे तीनच्या आत एक फेरी करायची आणि चालताना दर तासाला पेलाभर पाणी प्यायचं. बरोबर एक जोडीदारीण ठेवायची, म्हणजे कुणी एकटी मागे राहत नाही. आम्हाला विचाराल तर दिंडीत पाण्याच्या टँकरइतकीच या आडोशाला किंमत आहे, आणि विणेकऱ्यांनी, म्हणजे दिंडीच्या प्रमुखांनी, तो खर्च भिशीतच धरावा.

फोडांचं काम हरिपाठानंतर. दीडशे माणसांच्या दिंडीत पहिल्या चार मुक्कामांना झुंबड उडते. पाय साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे, कारण ओल राहिली की चिखल्या होतात. लहान, न दुखणारा फोड फोडायचा नाही. त्यावर नुसती गॉझ. टम्म फुगून चालू न देणारा असेल तर पोव्हिडोन आयोडीननं पुसून, पाकिटातली नवी निर्जंतुक सुई खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचायची, गॉझनं हलकं दाबून पाणी काढायचं आणि वरची कातडी तशीच राहू द्यायची. ती कापली की खालचं लाल मांस उघडं पडतं आणि दुसऱ्या दिवशी चालणं संपतं. पूर्वीचे लोक फोडातून सुईदोरा ओवून दोरा आतच ठेवत. पाणी झिरपून जातं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत जाते. आईनं हे हळूहळू बंद पाडलं. चिकटपट्टी थेट फोडावर लावायची नाही, संध्याकाळी काढताना कातडी सोलून येते. मधुमेह्याच्या फोडाला मात्र हातही लावायचा नाही, थेट वैद्यकीय पथकाकडे न्यायचं. त्यांच्या तळव्याला दुखणं कळत नाही, म्हणून तक्रार नसली तरी रोज रात्री बॅटरी लावून तळवा बघायचा.

वारीत सोसलंच पाहिजे असं म्हणणारे भेटतात. आईला ते पटत नसे, आम्हालाही पटत नाही. पाय शाबूत राहिले तरच माणूस पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीपर्यंत पोचतो.

नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, आणि त्यानंतर लोणंदपर्यंत मांड्या सोलवटलेल्या बायका भेटत राहतात. ओल्या लुगड्यानं चालल्यावर दुसरं काय होणार? अंघोळ झाली की पूर्ण कोरडं व्हायचं, मांड्यांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं आणि आतून गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घालायची. सांगायला संकोच वाटतो म्हणून हे कुणी सांगत नाही. आई सांगायची, बायकांना आणि पुरुषांनाही.

चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण, पुढची गोल रिंगणं, वेळापूरचा धावा, या पळापळीच्या ठिकाणी घोटे मुरगळतात. मुरगळलेला पाय त्या दिवशी चोळायचा नाही. गार पाण्याची पट्टी, क्रेप बँडेज, पाय उंचावर. वजन अजिबात टाकवत नसेल तर एक्सरे.

वाखरीत सगळ्या पालख्या एकत्र येतात, आणि म्हातारी माणसं हरवतात. आई दिंडीचा क्रमांक आणि दोन फोन नंबर न पुसणाऱ्या शाईनं कापडावर लिहून पोलक्याला किंवा कोपरीला आतून टाचायची. कागदाची चिठ्ठी पावसात विरते, मोबाइलची बॅटरी संपते. हरवलं-सापडलं मुक्कामाच्या तळावर होणाऱ्या समाज आरतीच्या वेळी पुकारलं जातं, तेव्हा दिंडीतल्या एकानं कान देऊन ऐकायचंच.

पंढरपूरहून परतल्यावर आईची आणखी एक फेरी असायची, पुन्हा घरोघर. कारण चालणं थांबल्यावर काही दुखणी वर येतात : एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दोन दिवसांहून जास्त ताप, थांबत नाहीत असे जुलाब, न भरणारी जखम. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. या फेरीसाठी गावाच्या आळ्या आम्ही आता वाटून घेतल्या आहेत. वरच्या आळीला अजून एक माणूस हवा आहे, वाचता-लिहिता येणारा आणि घाई न करणारा.