मुलांच्या वॉर्डात जायचंय? तुम्ही विचारलंत म्हणून

मोठ्यांच्या वॉर्डात काही वर्षं काढलेल्या सिस्टर मला हमखास विचारतात, "आता मुलांच्या विभागात जावंसं वाटतंय. जमेल का मला? की सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल?" आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "मुलं मला फार आवडतात हो."

आवडतात हे चांगलंच, पण नुसत्या आवडीवर ड्युटी निभत नाही. तिथे नजर लागते. ज्याला आपलं दुखणं सांगता येत नाही, त्याच्याकडे बघून ते ओळखायची नजर. ती कमावता येते, म्हणून माझं उत्तर "जमेल" असंच असतं.

नजर म्हणजे काय ते सांगते. दम लागलेलं सहा महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर आहे. मोठ्यांच्या वॉर्डातली सवय अशी की गेल्या गेल्या बीपीचा पट्टा बांधायचा. इथे आधी दोन पावलं लांब थांबायचं. हात लावला की बाळ रडणार, आणि रडलं की श्वास आणि नाडी दोन्हींचे आकडे बिघडले. आईलाच झबलं वर करायला सांगायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे फसतं. मोजता मोजता बघायचं: नाकपुड्या फुलतायत का, फासळ्यांमध्ये खड्डे पडतायत का, श्वासाबरोबर डोकं हलतंय का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का. बाळ आईकडे बघतंय की कुठेच बघत नाहीये. मग स्टेथोस्कोप, तोही तळहातावर चोळून जरा कोमट करून.

एवढं बघायचं, कारण मुलांचं शरीर शेवटपर्यंत सांभाळून घेतं. पाणी कमी पडलं, रक्त गेलं, तरी हृदय वेगाने धावत राहतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी नॉर्मल दिसत राहतं. ते खाली येतं तोवर बराच उशीर झालेला असतो. मोठ्यांचं हृदय अचानक थांबतं ते बहुधा हृदयाच्याच आजाराने. मुलांमध्ये बहुतेक वेळा आधी श्वास हरतो, मग हृदय. म्हणून खूप दम लागलेल्या मुलाचा श्वास एकाएकी मंद झाला आणि ते गळून पडलं, तर त्याला आराम पडला असं समजायचं नाही, तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलवायचं. गार पडलेले पाय, दाबून सोडल्यावर दोन सेकंदांतही रंग न परतणारी त्वचा, कितीतरी वेळ कोरडाच राहिलेला डायपर, ही लक्षणं बीपीच्या आधी दिसतात.

दुसरं म्हणजे गणित. इथे जवळजवळ प्रत्येक औषध वजनावर ठरतं, आणि दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. मोठ्यांच्या वॉर्डात दहापट औषध द्यायला दहा अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, फोडायला लागतील, हात आपोआप थबकेल. मुलांच्या वॉर्डात ती सोय नाही. 10 किलोच्या मुलाला किलोमागे 0.1 मिलिग्रॅम मॉर्फिन म्हणजे 1 मिलिग्रॅम, आणि अँप्यूलमध्ये असतं 10. दहापट डोस त्याच एका अँप्यूलमधून निघतो. म्हणून दोघींनी वेगवेगळं गणित करायचं आणि मग उत्तरं जुळवायची. एकीने केलेलं दुसरीने नुसतं "बरोबर" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. रक्ताचंही तसंच. लहान बाळात किलोमागे साधारण 80 मिली रक्त असतं, म्हणजे 3 किलोच्या बाळात जेमतेम 240 मिली. त्यातून तपासणीला घेतलेला प्रत्येक मिलीलीटर लिहून ठेवावा लागतो.

वेदनेबद्दल मला विशेष कळकळ आहे. नवजात बाळांना आपल्यासारखं दुखत नाही असं डॉक्टरसुद्धा मानत, आणि त्यांच्या शस्त्रक्रिया जेमतेम भूल देऊन होत. 1987 मध्ये कनवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास करून दाखवलं की पुरेशी भूल मिळालेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही कमी होतात. इतकी अलीकडची गोष्ट आहे ही! आज चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाच गोष्टींना गुण देऊन न बोलणाऱ्या मुलाची वेदना मोजता येते. ती मोजा, नोंदवा आणि औषधासाठी भांडा. ते आपलंच काम आहे.

आणि आईबाप. त्यांना वॉर्डाबाहेर ठेवण्याची पद्धत कित्येक ठिकाणी होती. ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या मुलांच्या हिताबद्दलच्या 1959 च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलाजवळ मोकळेपणी येऊ द्या असं स्पष्ट सांगितलं. "सिस्टर, आज हा नेहमीसारखा नाहीये" असं आई म्हणाली, तर मॉनिटर काहीही दाखवो, मी पुन्हा सगळं तपासते.

तुमचा आधीचा अनुभव वाया जात नाही. औषधाचा पंप चालवणं, पुढच्या पाळीला नीट हँडओव्हर देणं, डॉक्टरांना रात्री ठामपणे उठवणं, हे सगळं सोबत येतं. फक्त थेट पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या आयसीयूत, उडी मारू नका, तुम्ही मोठ्यांच्या आयसीयूत कितीही मुरलेल्या असलात तरी. आधी जनरल वॉर्डात बरी होत आलेली मुलं बघा. दोन वर्षांचं मूल अनोळखी माणसाला बघून रडतं, हे त्याचं ठीक असणंच आहे. जे सुई टोचतानाही रडत नाही, त्याची काळजी करायची. कर्करोग, हृदय, मूत्रपिंड, एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) यांतलं काय निवडायचं ते त्यानंतर कळतं.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: अनुभवी सिस्टरबरोबर किती आठवडे काम करायला मिळेल, स्वतंत्र रात्रपाळी कधीपासून, श्वास किंवा हृदय थांबलेल्या मुलाला वाचवण्याचं पॅल्स प्रशिक्षण रुग्णालय देतं का. पहिल्याच प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही, तर मी ती नोकरी घेऊ नका म्हणेन.